भोपळा, वेळूची नळी आणि चौथी जागा

६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

डेलमार स्पोनॉगल कॅप्टन व्हायच्या लायकीचा नाही. आज जुन्या बंदुकांच्या क्लबात, सगळ्यांच्या देखत, म्हणाला की ऑरिन, गेल्या सालच्या मॅचला शिंगात बंदुकीची पावडर भरताना तू अर्धी गवतात सांडलीस, वेळ संपली आणि आपण पलीकडच्या खोऱ्याकडून हरलो. यंदा टीममधली चौथी जागा अशीच मिळायची नाही. पाच ऑक्टोबरला सगळ्यांसमोर शिंग भरून दाखव. एक मिनिट, दाणाही सांडता कामा नये. मग पाच गोळ्या मार. नाही जमलं तर जागा दुसऱ्याची.

पंधरा वर्षं ती जागा माझी आहे! सांडलं ते वाऱ्यामुळे. शिंगाचं तोंड करंगळीहून बारीक, आणि हातात कागदाची पुडी. देवालासुद्धा जमलं नसतं.

व्हर्ला म्हणाली, मोठ्या तोंडाचं शिंग का घेत नाहीस? बायको असून असं विचारते. हे शिंग मी स्वतः कोरलंय. त्यावर अस्वल आहे. डुक्कर नाही.

दुकानात शिंगात पावडर ओतायचं पितळेचं भरणं मिळतं, ती वाढदिवसाला आणून देणार होती. मला काय हात नाहीत? संकल्प : भरणं घरी करणार, फुकटात करणार, आणि डेलमारचं तोंड बंद करणार.

८ सप्टेंबर, रविवार

झालं! दोन दिवसांत! मोहरीच्या सॉसची रिकामी बाटली. टोपीचं टोक शिंगात बरोबर बसतं. इतकं सोपं होतं. लोक उगाच बाऊ करतात.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली नामंजूर. डेलमार म्हणे, गोळीबाराच्या लाइनवर १८४० नंतरची वस्तू चालत नाही हे तुला माहीत नाही का, तिच्यावर अजून किमतीचं लेबल आहे. शिवाय प्लॅस्टिक घासलं की ठिणगी पडते, आम्हाला घरी जायचंय. सगळे हसले.

मी विचारलं, तुझ्या कानातलं मशीन कुठल्या सालचं? त्याला ऐकू आलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

टर्कीचं पीस. पोकळ दांडी कापून चामड्याच्या पिशवीला शिवली. अगदी जुन्या काळातली वाटते. एका वेळी एकच दाणा पडतो. अख्खं शिंग भरायला एक्केचाळीस मिनिटं. मिनिटाच्या अटीत थोडी सूट मागायला हरकत नाही.

१६ सप्टेंबर

सूट नाही. डेलमारचा स्वभाव खुनशी आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

व्हर्लाने स्वयंपाकघरात पावडर आणायला बंदी घातली. शेजारी गॅस आहे म्हणे. मी म्हटलं, काडीचाही धोका नाही. तिने माझ्या डाव्या भुवईकडे बोट दाखवलं. तो विषय केव्हाच मिटलाय.

पण माझं डोकं थांबत नाही. तिने चर्चच्या लिंबू-खसखशीच्या केकसाठी काळी खसखस आणून ठेवली होती. दाणा तोच, रंग तोच! आता तिच्यावर सराव. हाताला खरी सवय लागावी म्हणून ती पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली. असले बारकावे दुसऱ्या कुणाला सुचले नसते.

२२ सप्टेंबर

चर्चचा केक बिनखसखशीचा झाला. घरी आल्यावर व्हर्लाने गाडीचं दार धाडकन लावलं. एवढा राग केकपायी? माझी जागा जातेय आणि हिला केक.

२६ सप्टेंबर, गुरुवार

भोपळा!

कुंपणावर वाळलेला बाटलीच्या आकाराचा भोपळा. पोट पोखरलं, मानेत ओढ्याकाठच्या वेळूची नळी बसवली, मधाच्या मेणाने सांध बुजवली. बुडाला हवेसाठी बारीक भोक, त्यावर अंगठा. अंगठा दाबला की धार बंद, उचलला की सुरू. चोवीस सेकंद. सांडलं : शून्य. खर्च : शून्य.

व्हर्ला दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, हे खरंच छान केलंयस, ऑरिन. इतकी वर्षं झाली लग्नाला, असं कधी म्हणाली नव्हती. बरं वाटलं. ते मी दाखवलं नाही.

मग तिने विचारलं, गोळ्यांचा सराव केलास का? गोळ्यांचा कसला सराव, पंधरा वर्षं मारतोय.

५ ऑक्टोबर, शनिवार. दुपार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, खरं काय घडलं ते एका ठिकाणी असावं म्हणून.

मैदानावर वीसेक जण. डेलमारच्या हातात घड्याळ. मी डब्यातून भोपळ्यात, भोपळ्यातून शिंगात. बावीस सेकंद! एक दाणा गवतात नाही. डेलमारने वाकून बघितलं, अगदी गुडघ्यावर बसून. मग टाळ्या. डेलमारनेही वाजवल्या.

मग बंदूक भरली. नेम धरला. चाप ओढला. चकमकीची ठिणगी पडली, बंदुकीच्या कानात छोट्या कुपीतून घातलेली पावडर भुर्रकन पेटली, आणि पुढे काही नाही. पुन्हा. काही नाही. मी म्हटलं, हवा दमट आहे. कडक ऊन होतं. तिसऱ्यांदा म्हटलं, चकमक हलक्या प्रतीची आहे.

डेलमारने बंदूक ठासायच्या गजाला स्क्रू लावून गोळी उपसून काढली आणि बंदुकीची नळी तळहातावर उलटी केली. काळे दाणे. वास घेतला. एक जिभेवर ठेवला. म्हणाला, ऑरिन, लिंबू थोडं कमी आहे.

लोक गवतावर लोळून हसले. लोळून. आणि मी तिथे उभा, माझ्याच बंदुकीत माझ्याच बायकोची खसखस. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

चूक कुणाची? जी बाई पावडरीसारखी दिसणारी खसखस घरात आणते तिची.

६ ऑक्टोबर, रविवार

काल अर्धंच लिहिलं.

डेलमारने विचारलं, चौथ्या जागेसाठी आणखी कुणी? व्हर्ला जेवणाची टोपली खाली ठेवून उठली. गाडीतून तिच्या वडिलांची बंदूक आणि शिंग आणलं. दोन्ही गाडीत कशाला होती? मला म्हणाली, भोपळा दे. मी दिला. तो झटकून तिने डेलमारच्या डब्यातली पावडर घेतली. वीस सेकंद. पाच गोळ्या, चार काळ्या वर्तुळात, पाचवी रेषेवर.

वारा तिच्या बाजूने होता.

घरी येताना मी म्हटलं, तू हे मुद्दाम केलंस. ती म्हणाली, बारा वर्षं बायकांच्या मॅचला मारतेय, तू एकदा तरी बघायला आलास का? मी म्हटलं, त्या वेळी मला कामं असतात. कसली, ते तिने विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

क्लब सोडणार. पक्कं. राजीनामा तीन पानी झाला, त्यातली दोन पानं एकट्या डेलमारवर.

दुपारी तोच दारात. मक्याची भाकरी आणि घेवडा खायला बसला, दोनदा वाढून घेतला. म्हणाला, सगळे तुझा भोपळा मागतायत, शिंग भरायला असं साधन मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. मॅचच्या दिवशी पावडरच्या टेबलावर उभा राहशील का? दोन्ही टीमची शिंगं तू भर.

राजीनामा खिशात होता. मी म्हटलं, एवढं जोखमीचं काम दुसऱ्या कुणावर सोपवणं बरोबर नाही. डेलमार म्हणाला, डबा मात्र मी आणीन.

१९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ

मॅच. सकाळपासून टेबलावर. एक दाणा सांडला नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांनीसुद्धा मान्य केलं. एकाने माझ्या शिंगावरच्या अस्वलाला डुक्कर म्हटलं, त्याला शेवटी ठेवलं.

मधल्या सुट्टीत व्हर्ला रांगेत आली. शिंग पुढे धरलं. मला सांगायचं होतं की शेवटच्या गोळीला घाई करू नकोस, मी तिथेच चुकतो. पण मागे लोक होते. अंगठा उचलला, भरलं, अंगठा दाबला. ती म्हणाली, थँक्यू, ऑरिन, आणि गेली.

शेवटच्या फेरीत एकदम आरडाओरडा झाला. टोप्या उडाल्या. व्हर्लाच्या शेवटच्या गोळीवर आपण जिंकलो. ती गोळी मी पाहिली नाही. त्या वेळी माझ्यासमोर म्हाताऱ्यांच्या मॅचची अकरा शिंगं होती, आणि अंगठा भोकावर.

डेलमारने पुढच्या वर्षीही टेबलावर राहशील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो. तोवर तो व्हर्लाला खांद्यावर घेणाऱ्यांत जाऊन मिसळला होता.