राहिलेली टाचणी

४ मार्च
आले एकदाची! ताईने माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीय. खिडकीला पडदा, पलंगावर कोरी चादर आणि उशीवर माझी भाची चिमी फतकल मारून बसलेली. बोलायला नुकती लागलीय, मावशीचं ‘माऊ’ केलंय तिने. भाऊजी म्हणाले, चला, या घरात माझं ऐकणारं कुणीतरी आलं. ताई म्हणाली, स्वप्नं बघा! पोट धरून हसलो. इस्पितळात होते तेव्हा वाटलं नव्हतं असं हसेन. नव्या गोळीने कानातले आवाज पार गेलेत. आपलं डोकं आपलंच असणं किती छान असतं.

७ मार्च
लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. शिवून आलेल्या कपड्यांतल्या टाचण्या काढायच्या, लोंबते धागे कापायचे, घड्या घालायच्या. तिथले मास्तर बोलघेवडे आहेत. म्हणाले, एक जरी टाचणी राहिली तरी आधी बाळ बोंबलेल, मग बाळाची आई, मग मी. सगळ्याजणी हसल्या. मीही.

१५ मार्च
मास्तरांनी माझं उदाहरण दिलं. हिच्यासारखं डोळ्यांत तेल घालून काम करा म्हणाले. त्यांना वाटतं, मी कपडा दोनदा चाचपते. घडी घातली की मी तो पुन्हा उलगडते, हे त्यांनी पाहिलेलं नाही.

२६ मार्च
तपासणीला गेले होते. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आवाज येतात? नाही म्हटलं. ते खरं होतं. मग विचारलं, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते का? या आजारात तसं होतं, कधी या गोळ्यांनीही होतं, लपवू नका, उपाय आहे. तेव्हाही नाहीच म्हटलं. काम काळजीने करणं हा काय आजार झाला?

४ एप्रिल
माझ्यापाशी ढीग साठतोय. मास्तर वैतागले. अगं बाई, झबलं आहे ते, त्याचं पोस्टमॉर्टेम कशाला? मला कळतं. पण शिवण चाचपून संपली की वाटतं, मध्ये कुठेतरी बोट नीट फिरलं नाही. मग पुन्हा गळ्यापासून सुरुवात. बोटांची टोकं सोलवटलीत. सकाळी गोळीची गुंगी असते, नजर तेव्हाच चुकत असणार. आजपासून गोळी बंद. ताईसमोर तोंडात टाकते, मग मोरीत थुंकते.

१३ एप्रिल
जेवणाची सुट्टी होती. यंत्रं बंद. तरी कानाशी कुणीतरी बोललं. एक राहिली. वळून पाहिलं — सगळ्या डबे उघडून बसलेल्या. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

१५ एप्रिल
चिमीचा फ्रॉक मी शिवला होता. आज सगळा उसवला. एकही टाचणी निघाली नाही. आवाज म्हणाला, निघेल कशी? तिच्या अंगात शिरलीय. चिमी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. उचल म्हणत होती. मी नाही उचललं.

१६ एप्रिल
कामावर गेले नाही. ताईला गोळीचं सांगितलं. आवाजाचं नाही — ते सांगताना जीभच उचलेना. ती ओरडली नाही. डोक्यावरून हात फिरवत राहिली. डॉक्टरीणबाईंना फोन झालाय. उद्या संध्याकाळी बोलावलंय. संध्याकाळ म्हणजे अजून अख्खा दिवस —

१७ एप्रिल, दुपार
ताईच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या घेऊन खोलीत आलेय. कडी लावलीय. बाहेर ठेवल्या तर चिमीला —
मुठीतून गळतात. आवाज म्हणाला, तोंडात धर. धरल्या. आता म्हणतोय गिळ. गिळलीस की एकही उरणार नाही. कुणालाच लागणार नाही.

ताई दाराशी आहे. नुसतं हो तरी म्हण, म्हणतेय. रडतेय. मला ओठ उघडता येत नाहीत. थुंकल्या तर एखादी घरंगळेल, फटीतून बाहेर —

ताई, हे पान फाडून दाराखालून सरकवतेय. मला गिळायच्या नाहीत. ऐक, मला नाही गिळायच्या. चिमीला शेजारी दे. भाऊजींना म्हणावं दार तोडा. आवाज ओरडतोय. लवकर ये, मला आता —