अकरा वेळा नाही

प्रिय जोलीन,

शुक्रवारी कोर्टातून घरी आले ती बूटही न काढता स्वयंपाकघरात मोठ्याने गाणं म्हणत सुटले. मांजर घाबरून फ्रिजवर चढलं. तुम्हा दोघांच्या दत्तकाच्या कागदावर सही झाल्यावर न्यायाधीशबाईंनी वेस्लीच्या हाती हातोडा दिला, एकदाच आपट म्हणाल्या, आणि त्या पठ्ठ्याने सात वेळा आपटला! एमेट आजोबा बाहीने डोळे पुसत सर्दी झाल्याचं सांगत होते. ऐन जुलैत.

चार वर्षांपूर्वी मी या कामात अगदी नवखी होते. पस्तीस वर्षं आपल्या ब्यूट गावाच्या चढणींवर टपाल वाटून निवृत्त झाले, प्रशिक्षण घेतलं, कोर्टात मुलांसाठीची स्वयंसेवक म्हणून शपथ घेतली आणि पहिलीच फाईल तुम्हा दोघांची आली. पगार नाही, मुलांना भेटायचं आणि त्यांच्या भल्याचं काय ते न्यायाधीशांना सांगायचं. तू नऊ वर्षांची, वेस्ली तीन. आई आठ-आठ दिवस गायब असायची, तेव्हा तूच त्याला सांभाळलं होतंस. पहिल्या भेटीत मला खालून वर न्याहाळून म्हणालीस, "तुम्हीपण तीन महिन्यांत बदलणार ना?" मला राग आला होता. तुझं काही चुकलं नव्हतं.

चुकले मी. बालकल्याण खात्याने वेस्लीसाठी दूर बिलिंग्ज शहरातलं एक कुटुंब शोधलं होतं. माणसं चांगली, पण त्यांना एकच मूल हवं होतं आणि तेही लहान. मी तुला विचारलं, तू खांदे उडवून चालेल म्हणालीस, आणि मी शहाणीने अहवालात 'मुलीचं म्हणणं' या रकान्यात लिहून टाकलं: हरकत नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी शाळेत आले तर तू वहीत यादी करत होतीस. वेस्लीला अंधार चालत नाही. झोपताना त्याचा डावा कान धरावा लागतो. वाटाणे वेगळे काढून द्यावेत. ही कुणासाठी, असं विचारलं.

"त्या नव्या बाईंसाठी. त्यांना कसं कळणार?"

मग हळूच म्हणालीस, "तिथे त्याला स्वतःची खोली आहे. मी नको म्हटलं तर ती जाईल ना त्याची."

मी गाडीत बसून पोटभर रडले, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. अहवालात हरकत नाही असं लिहिलंय ना, म्हणाल्या.

"लिहिलंय खरं, पण मी चुकीचं लिहिलंय," मी म्हटलं, आणि त्या नव्या बाईंना द्यायला तू माझ्याकडे दिलेली यादी वाचून दाखवली. वाटाण्यांसकट. दोघांना एकत्र ठेवणारं घर शोधायला साठ दिवस मिळाले.

त्या साठ दिवसांत माझी टपालाची पिशवी कामी आली बघ. तुझ्या आईचं माहेरचं आडनाव, पेनहेल, मी कागदांवर कितीदा वाचलं होतं, आणि एका सकाळी डोक्यात उजेड पडला: हेच नाव लिहिलेल्या निळ्या पेटीत मी वर्षानुवर्षं पत्रं टाकली होती. शेगड्या दुरुस्त करणारे एमेट, तुझ्या आईचे सख्खे काका. तुम्ही जगात आहात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. खात्याची बाई सांगायला गेली तर म्हणाले, "दोघं? मग दोन पलंग लागतील." दुसरं काही विचारलंच नाही म्हणे.

त्यांनी तुला मांस-बटाटा भरलेली पेस्टी भाजायला शिकवलं आणि तू मला जेवायला बोलावू लागलीस. अकरा वेळा. मी दर वेळी नाही म्हटलं, कारण मुलांच्या घरी जेवायचं नाही हा आमचा नियम. तुमच्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी प्यायचे, आणि आतून तो खरपूस वास यायचा. तू चिडवायचीस, म्हातारीला विष घालीन असं वाटतं का? मग गेल्या वर्षी तू विचारणंच सोडलंस. ते मला फार लागलं, आणि नियमात तेही सांगायची सोय नव्हती. शुक्रवारच्या आदेशात शेवटची ओळ आहे: बर्नाडीन हॅरिंग्टन यांची नेमणूक संपली. नोकरी सुटल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. तर बाराव्यांदा मीच विचारते. शनिवारी दुपारी साडेबाराला येऊ का गं जेवायला? थर्मास घरीच ठेवीन. माझ्या पेस्टीवर ग्रेव्ही भरपूर घाल.

आता निव्वळ तुझीच,
बर्नाडीन