खिडकी नंबर पाचची काच

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. लढ्याचा खरा इतिहास कुठेतरी राहायला हवा. शुक्रवारी एकाने दाखला तयार नाही म्हणून तीन नंबरच्या खिडकीवरचा स्टेपलर उचलून तिथे बसणाऱ्या आमच्या बाईंनाच मारला. कपाळाला चार टाके. युनियनचा सरचिटणीस म्हणून मी गप्प बसणार नाही. मागण्या तीन: पाचही खिडक्यांना जाड काच, टेबलाखाली अलार्मचं बटण, दारात गार्ड. लढा सहा महिने तरी चालणार. चौदा पानी भाषण तयार. संकल्प: साहेबांचा चहा घ्यायचा नाही.

५ जून
पहिली बैठक. साहेब म्हणाले, तिन्ही मागण्या मान्य. अकरा मिनिटांत! भाषण खिशातच राहिलं. कुठेतरी पाणी मुरतंय. अभ्यास करून कळवतो म्हणालो, सही केली नाही. चहा घेतला. अर्धाच.

६ जून, सायं. ७
अभ्यास केला. काच पारदर्शकच का? साहेबांना केबिनमधून आमच्यावर पाळत ठेवता यावी म्हणून! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आत्ता काय मधे भिंत आहे? तिला राजकारण कळत नाही.

१० जून
बटणाची वायर कुठे जाणार, असं खडसावून विचारलं. साहेब म्हणाले, गार्डच्या टेबलापर्यंत. इतकं सरळ उत्तर? म्हणजे नक्कीच लपवतायत. नवा गार्ड आजच रुजू झाला, माझ्या सहीची वाटही न बघता. मला उगाचच नमस्कार करतो. लक्ष ठेवायला हवं. चहा दोन कप, बिस्किटं सहा. शत्रूची रसद तोडणे.

१४ जून
बाई कामावर आल्या. खुर्ची खिडकीपासून दोन हात मागे. प्रत्येक कागदाला उठतात, घेतात, परत मागे जाऊन बसतात. रांगेत कुणी आवाज चढवला की हात कपाळाकडे. मला म्हणाल्या, दादा, सही करून टाका हो, भीती वाटते. फार वाईट वाटलं. पण घरी येताना विचार आला, या एवढा आग्रह का करतायत? साहेबांनी फितवलं तर नसेल?

१८ जून
लेखी हरकत दिली, तीन प्रतींत. खिडकी क्रमांक पाच, म्हणजे माझ्या खिडकीला, काच व बटण बसवण्यास ठाम विरोध. साहेबांनी पोच दिली. लगेच! डाव आहे.

२१ जून
फितुरी! बाईंनी सभा बोलावली. मी भाषणाच्या दुसऱ्या पानावर असतानाच सगळ्यांनी हात वर करून ठराव पास केला. युनियनतर्फे बाईंनीच सही केली. टाळ्याही वाजल्या. माझ्या भाषणाला नव्हेत.

२८ जून
काचा बसल्या. एक, दोन, तीन, चार. पाचला नाही, तुमची हरकत आहे, साहेब म्हणाले. लढ्याचं पहिलं यश! बाईंची खुर्ची पुन्हा खिडकीशी आली.

२ जुलै
सकाळी पावणेबाराला दाखल्यात आडनाव चुकलं म्हणून एकाने माझं पंचिंग मशीन माझ्यावरच फेकलं. पाच टाके. बाईंनी स्वतःच्या खिडकीचं बटण दाबलं. गार्ड धावत आला. माणूस बरा आहे. बाईंनी माझ्या कपाळावर रुमाल दाबून धरला.  
नव्या नियमाप्रमाणे हल्ल्याच्या नोंदीचा फॉर्म आला. बाकीचा बाईंनी भरला. शेवटचा प्रश्न माझ्यासाठी ठेवला: घटना टाळता आली असती का?
हो, असं लिहिलं. खाली सही केली. अभ्यास न करता.