डावीकडचा आरसा

एल्क क्रीक रस्ता, मॉन्टाना
जूनचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप आर्विडदादांच्या चरणी धाकट्या नेल्सचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

इकडे मी, आपली भावजय मार्लिस आणि घोडी जुनिपर तिघंही खाऊनपिऊन सुखी आहोत. तिकडे आपला खोकला आणि वाऱ्यावर भुंकणारा आपला कुत्रा दोघेही थोडे शांत झाले असतील, अशी आशा करतो. तक्रार एकच आहे आणि घरातले थोरले म्हणून ती आपल्या दरबारात गुदरतो. एका निळ्या पाखराने माझा छळ मांडला आहे. मूठभर जीव, पण रोज सकाळी माझ्या पिकअपच्या आरशावर येऊन बसतं, आतल्या प्रतिबिंबाला वैरी समजून टोचा मारतं, आणि युद्धाचा निकाल लागत नाही असं दिसलं की जे सोडायचं ते आरशावर सोडून उडून जातं. (कॉलेजात दोन वर्षं संस्कृत घोकलं, त्यात बिंब आणि प्रतिबिंब यांवर पुष्कळ चर्चा ऐकली, पण त्या प्रश्नाशी इतक्या तळमळीने झुंजणारा जीव तिथे एकही नव्हता.)

आरसे नवे आहेत, हे आपल्याला ठाऊक नसणार. मुद्दामच कळवलं नव्हतं. आपण बशीएवढ्या आरशात बघून, कोपर खिडकीबाहेर काढून, उभा जन्म मालट्रक हाकलेत. आपल्यापुढे नव्या आरशांचं नाव काढणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यासमोर फुगे बांधून पाण्यात उतरण्यासारखं. पण माझा नाइलाज झाला. या वसंतात घोडीच्या ट्रेलरने आमच्या फाटकाचा खांब दोनदा घासला, पेट्रोलपंपावरचा पिवळा लोखंडी खुंट एकदा वाकवला, आणि चर्चच्या आवारातलं लायलॅकचं झुडूप, पाद्रीबाईंच्या देखत, मुळासकट परलोकी धाडलं. (सगळं डावीकडचं. उजवीकडच्या कुठल्याही वस्तूने माझ्याविरुद्ध अद्याप चकार शब्द काढलेला नाही.) मी सांगितलं की आरसे अरुंद आहेत, ट्रेलर रुंद आहे, यात चालकाचा काय दोष? मार्लिस बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "नेल्स, ऑगस्टच्या जत्रेला जुनिपर घाट ओलांडून धड जायला हवी. तुला जमत नसेल तर आत्ता सांग."

आता जुनिपर बावीस वर्षांची झाली. जत्रेच्या रिंगणात उतरायचं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि मार्लिस गेला हिवाळाभर तिच्या खोगिराला तेल चोळत बसली आहे. मार्लिस स्वतः ट्रेलर ओढेल म्हणावं, तर जानेवारीत बर्फावर घसरून मोडलेलं तिचं मनगट अजून स्टीअरिंगचा भार घेत नाही. तेव्हा मी ओढणार किंवा घोडी घरी राहणार. म्हणून आरसे मागवले.

वस्तू मात्र अशी, की पाहणाऱ्याने टोपी काढावी. बटण दाबलं की दोन्ही आरसे दारापासून हातभर बाहेर सरकतात. दहिवर पडलं तर आतून तापतात. वळायचं असेल तर काचेतच पिवळा बाण लुकलुकतो. खाली एक दिवा आहे, तो अंधारात ट्रेलर अडकवायचा आकडा दाखवतो. शिवाय न दिसणाऱ्या बाजूला कोणी आलं, तर कोपऱ्यात लाल ठिपका पेटतो. मी त्यांना दिव्यचक्षू म्हणतो. मार्लिस हत्तीचे कान म्हणते.

ते बसवायला पलीकडच्या कुरणातला ड्वेन आला. म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या कॉफीचा थर्मास घेऊन पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि मला सूचना देऊ लागला. दाराचं आतलं अस्तर उतरवलं, वायरी जोडल्या, अस्तर परत चढवलं, तरी तीन क्लिपा उरल्याच. ड्वेन म्हणाला की कंपनीवाले जास्तीच्याच देतात. तेव्हापासून मी खिडकीची काच खाली केली की उजवा आरसा लाजून मिटतो. लाल ठिपक्याचं तर विचारूच नका. ट्रेलर जोडला की त्यालाच तो पाठलाग करणारी गाडी समजतो आणि घरापासून निघाल्यावर मुक्कामापर्यंत धोक्याची सूचना देत राहतो. इतकी काळजी माझी आजवर फक्त मार्लिसने केली असेल.

तर ते पाखरू. त्यावर आपल्याकडचा उपाय आपल्याला माहीतच आहे: गाडी उभी असताना आरशांवर जुने मोजे चढवायचे. मोजे शोधताना हाताला लागले ते मेव्हणीने नाताळात विणून दिलेले, लाल, वर पांढरे रेनडिअर. (पायात घालण्याचं धैर्य मला कधी झालं नव्हतं, त्यामुळे नवेकोरे होते.) पाखरू आलं, रेनडिअर पाहिले आणि खजील होऊन कुंपणावर बसलं. माझा विजय झाला.

परवा घोडीचा खुराक आणायला निघालो. उजव्या आरशावरचा मोजा काढला, गाडीत बसलो, निघालो. रस्त्यात जो भेटेल तो हात करतो आहे. आपल्याकडे स्टीअरिंगवरून एक बोट उचललं की झाला नमस्कार. परवा लोक अख्खा हात हलवत होते, एकाने तर दिवेही मारले. मी समजलो, दिव्यचक्षूंची कीर्ती पसरली. मीही राजासारखा मान लववत गेलो. खुराकाच्या दुकानासमोर गाडी लावली, तर गल्ल्यावरची व्हर्ना पायरीवर येऊन म्हणते, "काय रे नेल्स, डाव्या कानाला गार वारा लागतोय वाटतं?"

डाव्या आरशावर मोजा तसाच होता. आत पिवळा बाण लुकलुकत होता, रेनडिअरच्या पोटात काजवा शिरल्यासारखा. दुकानातले सगळे बाहेर आले, हसले, मीही हसलो. घरी येऊन मार्लिसला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिने मोजा धुऊन दोरीवर टाकला आणि म्हणाली, "अख्ख्या रस्त्यात डावीकडे एकदाही पाहिलं नाहीस?" मी म्हणालो, जबाबदार माणूस समोर बघून गाडी चालवतो.

बाकी सर्व क्षेम. गवत यंदा बरं आहे. कुत्र्याला बिस्किट द्यावं आणि ते माझ्याकडून आहे असं सांगावं.

आपला आज्ञाधारक (असं आई समजत असे),
नेल्स

ता. क. जत्रेला आपण यावं, ही मार्लिसची फार इच्छा आहे. आलाच आहात तर ट्रेलरही आपणच ओढावा, मी शेजारी बसून चुका काढीन. आरसे आपल्यासाठीच घेतले, असं लोकांना सांगता येईल. रुबार्ब घातलेला गोड पाई खायला मिळेल.

ता. क. दुसरा. दादा, ऑगस्टपर्यंत थांबू नकोस, त्याआधीच ये. बिलिंग्ज शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. मार्लिसला सांगितलेलं नाही. डावीकडे पाहिलं नाही, असं नव्हतं रे. पाहिलं होतं. त्या बाजूला आजकाल काही नसतंच, त्यामुळे मोजा आहे हेही कळलं नाही. गेल्या आठवड्यात मी ट्रेलर मागे घेत होतो आणि मार्लिस फाटकापाशी उभी राहून मला हाताने खुणा करत होती, ती मला दिसली नाही. ती बाजूला झाली म्हणून वाचली. गाडी चालवणं सुटलं तर सुटू दे. पण ती तिथे उभी असेल आणि मला दिसणार नाही, याची मला फार भीती वाटते.