फळ्यावर आलेला प्लेग

मुक्काम शेवगाव,
मंगळवार, ता. १८ जानेवारी १९४४

ति. डेव्हिडराव दाजी यांच्या सेवेशी,

आपला धाकटा मेहुणा कृपादान याचा आपणांस व आक्कांस सलाम. आपला गुडघा, आक्कांचा दमा आणि राहुरीच्या घराची मागची भिंत, तिन्ही सध्या कशा आहेत ते सविस्तर कळवावे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. वास्तविक तीन दिवस माझी छाती गिरणीच्या इंजिनासारखी धडधडते आहे. फरक एवढाच की इंजिन मला बंद करता येते. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावे. आक्कांना वाचून दाखवायचे असल्यास आधी दार लावून घ्यावे.

आपणांस ठाऊकच आहे की पाठीवर पोती वाहता वाहता मी या पिठाच्या गिरणीचा मालक झालो. बाजारात दुसरी गिरणी निघाली तेव्हा मी काही दळण बारीक करून दिले नाही. (बारीक दोघेही दळतो.) मी मिशनच्या शाळेतून टाकून दिलेला फळा आणला आणि दारात टांगला. रंगाऱ्याकडून त्यावर पांढऱ्या तेली रंगात तीन मथळे काढून घेतले. वर ‘आजची खबर’, मध्ये ‘ठाऊक आहे का?’ आणि खाली ‘आठवतं का?’. खबर नगरहून मोटारीने येणाऱ्या वर्तमानपत्रातली. ठाऊक आहे का, हे मी इकडून तिकडून जमवतो. मधमाशीला पाच डोळे असतात असे लिहिले, तेव्हा भीमाबाई (वय सत्तर, दात दोन, दळण रोज अर्धी पायली) म्हणाली, “आमच्या सुनंला बी पाचच असत्याल, पर घरातलं एकानं दिसत न्हाई.” आणि आठवतं का, हे गावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातून. इंजिनाच्या धडधडीत माझे कान काय काय टिपतात याची गावाला अजून कल्पना नाही, आणि ती नाही तेच बरे आहे. थोडक्यात, साठीच्या वरची सगळी मंडळी सकाळी फळ्यासमोर बसू लागली आणि दळण माझ्याकडे येऊ लागले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आप्पासाहेब मोठ्याने वाचतात. हे मामलेदार कचेरीत कारकून होते. आता पेन्शनीत आहेत, पण आवाज अजून कचेरीतच आहे.

तर गेल्या शनिवारी नगरची मोटार आली नाही. (पेट्रोल लढाईला गेल्यापासून ती कोळशाच्या गॅसवर चालते, म्हणजे बहुतेक चालत नाही.) मोटार नाही म्हणून वर्तमानपत्र नाही, वर्तमानपत्र नाही म्हणून खबर नाही. आता वरचा भाग मोकळा ठेवला तर फळा विधवेच्या कपाळासारखा दिसतो, असे मला वाटले. मेरी म्हणाली, “एक दिवस खबर नसली तर काय होतंय?” बायकोचे ऐकायचे नाही ही माझी जुनी खोड. आदल्या दिवशी आप्पासाहेब चाळीस वर्षांपूर्वीच्या प्लेगबद्दल बोलत होते ते माझ्या कानात होते. मजकूर लांबट, खालच्या पट्टीत मावेना. म्हणून मी तो वरच्या मोकळ्या जागेत लिहिला. साल घातले नाही. ज्यांना आठवते त्यांना साल कशाला सांगायचे, हा माझा शहाणपणा. लिहिले ते असे: “वाणी गल्लीत उंदीर पडले. दोन दिवसांत गाव रिकामे. लोकांनी शिवारात खोपी घातल्या. मामलेदार कचेरी तंबूत भरली.” अक्षर फार चांगले आले होते. खडू झटकून मी आत इंजिनाचा पट्टा चढवायला गेलो.

दाजी, चूक माझ्या ध्यानात आली ती बाहेर कोणी आरडाओरडा केला म्हणून नव्हे. कोणीच केला नाही. मला ऐकू आली ती शांतता. पट्टा उतरवून बाहेर येतो तो ओट्यावर दळणाचे आठ डबे, आणि माणूस एक नाही. ही मंडळी चाळीस वर्षांपूर्वी विशीतिशीत होती. प्लेग आला की काय करायचे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पोरांनी, सुनांनी विचारायच्या आत म्हाताऱ्यांनी गोधड्या बांधल्या, कोंबड्या टोपल्यांत घातल्या आणि गाड्या जुंपल्या. वाणी गल्ली तर सगळ्यांत आधी निघाली, कारण नाव तिचेच होते. संध्याकाळपर्यंत गावाबाहेर कारभारी पाटलांच्या ज्वारीच्या कडेला गवताच्या तीस खोपी उभ्या राहिल्या.

मी धावत गेलो. हात जोडून सांगितले की उंदीर जुने आहेत, चाळीस वर्षांपूर्वीच मेलेले आहेत, घरी चला. भीमाबाई चूल मांडत होती. मान वर न करता म्हणाली, “सरकार बी पयल्यांदा आसंच म्हनलं हुतं. घाबरू नका, काय न्हाई.” मग आप्पासाहेबांकडे वळलो, कारण ती आठवण त्यांचीच. ते खोपीच्या दारात पाटावर बसले होते. म्हणाले, “कृपादान, त्या तंबूत मी स्वतः उमेदवार कारकून होतो. मला शिकवू नकोस.” मी म्हटले, “मग आप्पासाहेब, तुम्हीच सांगा ना यांना.” तर म्हणाले, “मथळा काय आहे? आजची खबर. मथळ्याखाली जे असतं ते त्या मथळ्याचं. मी आयुष्यभर असेच कागद लावले.” आणि पुढ्यातला हुरडा मला देऊ केला. हुरडा कोवळा होता. मी तो न खाता परत ठेवला.

कारण माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच दिसत होते. लढाईच्या कायद्यात अफवा उठवणाऱ्याला शिक्षा आहे, अशी दवंडी गेल्याच महिन्यात माझ्या दारात पिटली गेली. (मी ती फळ्यावरही लिहिली होती, सुवाच्य.) काल सोमवारी पोलीस शिपाई गोरक्षनाथ आला. एरवी हा ओट्यावर बसून पाणी मागतो. काल उभा राहिला, आणि पाणी मागितले नाही. म्हणाला, “फौजदारसायबांनी गुरुवारी सकाळी बोलावलंय. फळा बी घेऊन या.” दाजी, माणसाला एकट्याला बोलावले तर चौकशी असते, फळ्यासकट बोलावले तर मुद्देमाल असतो, एवढे मला कळते. रातोरात नव्हे, त्याच क्षणी मी ओल्या फडक्याने फळा पुसला. खडू गेला. ‘आजची खबर’ हा तेली रंग मात्र गेला नाही.

आणि खरा पेच पुढेच आहे. मेरी म्हणते, फळ्यावर लिहून टाका की प्लेग नाही. पण प्लेग नाही असे लिहिले म्हणजे प्लेग आहे असे मी लिहिले होते हे माझ्याच हाताने कबूल केले. नाही लिहिले, तर गाव शेतात आणि मी चौकीत. खरे सांगतो, खोटे मीच लिहिले हे ठाऊक असूनही ओस पडलेल्या वाणी गल्लीतून येताना मी धोतर वर धरून, पायांखाली बघत चालतो. गुरुवारी मला कोठडीत घातले तर गिरणी बंद पडेल आणि बाजारातला तो गिरणीवाला माझ्या ओट्यावर फळा टांगेल, हे विचार जेवताना येतात, आणि जेवण तिथेच थांबते. उपासनेत आमच्यासाठी प्रार्थना करावी. कारण विचारल्यास ‘कौटुंबिक’ सांगावे.

आक्कांना सलाम. लोभ आहे तो, मी बाहेर असो वा आत, तसाच ठेवावा.

आपला भेदरलेला मेहुणा,
कृपादान

ता. क. एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली, तेवढ्यासाठीच हे पत्र. अक्षरओळख मला आपण करून दिलीत, त्यामुळे माझे अक्षर हुबेहूब आपल्यासारखे आहे. गुरुवारी फौजदारांनी विचारलेच, तर फळ्यावरचा मजकूर शनिवारी पाहुणे म्हणून आलेल्या माझ्या दाजींनी लिहिला असे सांगावे म्हणतो. आपण पेन्शनर, वयस्कर, पांढऱ्या मिशांचे. आपणांस कोणी हात लावणार नाही, खुर्चीसुद्धा देतील. तरी शनिवारी आपण शेवगावात होता, असे दोन ओळींत लिहून पाठवावे. आक्कांना हे दाखवू नये.

ता. क. दुसरा, बुधवार. मोटार अजून आलेली नाही, त्यामुळे पत्र माझ्याकडेच आहे. आपण लिहून देण्याची जरुरी राहिली नाही. आज दुपारी फौजदारसाहेब स्वतः मागच्या दाराने आले, साध्या कपड्यांत. मी हात पुढे केले. ते पोत्यावर बसले आणि म्हणाले, “बेड्या नाही आणल्या. आई खोपीत जाऊन बसली आहे. रोज तुमचा फळा वाचायला येते, तुम्हाला माहीत नव्हतं?” (ठाऊक होते. रोज शेरभर दळणाची नऊवारीतली ती बाई कोणाची, हे मी पहिल्याच दिवशी ऐकून ठेवले होते.) चार दिवस ते चौकीत चणे खाऊन आहेत. म्हणाले, “आई म्हणते फळ्यावर आलं तर फळ्यावरच जायला हवं. तेव्हा लिहा की प्लेग गेला. मी ही चौकशी लिहूनच घेत नाही.” मी खडू घेऊन लिहिले, “प्लेग गेला.” लिहिताना ते माझ्या शेजारी उभे होते. तासाभरात उरलेले गाव फळ्यासमोर जमले. त्यांतला एकजण म्हणाला, “गेला? म्हंजी हुता?” आणि उरलेले गावही निघाले.

ता. क. तिसरा, शुक्रवार. पत्रोत्तर गिरणीच्या पत्त्यावर पाठवू नये, तिथे कोणी नाही. एकटे राहवेना म्हणून मेरीने आणि मी काल सामान हलवले. नवा पत्ता: कारभारी पाटलांचे ज्वारीचे शेत, डावीकडून चौथी खोप. पाचवी फौजदारसाहेबांची. चौकीत तक्रार द्यायला गावात माणूसच उरला नाही, आणि इकडे त्यांच्या आईच्या हातची भाकरी आहे. फळा भीमाबाईने आधीच आणून बांधाला टेकवून ठेवला आहे. आज सकाळी साहेबांनी विचारले, काय लिहिणार? मी म्हटले, साहेब, जन्मात आता खडू धरणार नाही, फळा कोराच ठेवतो. त्यांनी एकदा फळ्याकडे, एकदा खोपींकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “कोरा नका ठेवू. लोक घाबरतील.”