दहाव्या थांब्यावर

नोव्हाय, मिशिगन

चारू बाळा,

एकविसाव्या वर्षी माझ्या व्हिसावर इथे राहण्याची तुझी मुदत संपली म्हणून तू स्कॉटलंडला शिकायला गेलीस. तिथल्या जुन्या गावात पर्यटकांना एकेका थांब्यावर माहिती सांगणारा ऑडिओ गाइड तुझ्या आवाजात आहे. तो ऐकत मी रोज इथल्या मॉलच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. तू पडका किल्ला दाखवतेस, मला गाड्या दिसतात.

हॉस्पिटलमधून तू म्हणालीस, "बाबा, ये ना." मी म्हणालो, "माझ्या व्हिसाचे कागद अडकलेत, आत्ता देशाबाहेर पडलो तर परत येऊ देणार नाहीत. महिनाभर थांब." तुझ्या अंत्यविधीलाही आलो नाही.

दहाव्या थांब्यावर, चर्चच्या अंगणात, तू इंग्रजीत सांगतेस, "हवा तेवढा वेळ घ्या. मी थांबते."

खोटारडे! वेळ मी घेतला. तू थांबली नाहीस.

तुझा,
बाबा