मिसेस लिंकनची माळ उतरवून

मी, लिओटा ब्रँडमायर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम (बंद) आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची भूमिका (चालू), राहणार हार्टवेल, इलिनॉय, ही व्यवस्था माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहे. येत्या गुरुवारी डॉक्टर माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं काही कारण नाही, असं ते म्हणाले. पण ते दाराची कडी हातात धरून म्हणाले, म्हणून मी वकील बोलावली.

शुद्धीबद्दल जरा खुलासा करते. कित्येक वर्षं मी शाळांत, वाचनालयांत आणि जत्रांत मेरी लिंकन म्हणून उभी राहते आणि "मी, मी" करून तिच्याच तोंडाने बोलते. त्या बाईंना एकदा कोर्टानेच वेड्या ठरवलं होतं. माझ्या पुतण्याने उद्या हाच धागा धरून भांडू नये, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या धंद्याचा मर्लने घालून दिलेला नियम असा, की डोक्यावर कापडी फुलांची माळ आहे तोवर मी मेरी. तेव्हा मला टेलिफोन ठाऊक नसतो, आणि डोक्यावरून विमान गेलं तरी मी वर बघत नाही. माळ उतरवली की मी लिओटा. माझा प्रयोगातला जोडीदार मर्ल टिबेट्स याचंही तसंच. उंच काळी टोपी डोक्यावर असली की तो अध्यक्ष लिंकन, हातात आली की बोअरवेलवाला मर्ल. माझी माळ आत्ता साखरेच्या डब्यावर ठेवलेली आहे आणि वकील मिस ड्वोराक यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

कलम १. राहतं घर पुतण्या ड्वाइट याला. पुढच्या खोलीत त्याने भिंतभर टीव्ही लावू नये. तो लावणारच आहे, तेव्हा निदान रस्त्यावरून दिसणार नाही असा लावावा.

कलम २. बँकेत जे असेल ते गावच्या वाचनालयाला, गादीच्या खुर्च्या घेण्यासाठी. आमच्या भाषणाला लोक लोखंडी खुर्च्यांवर चुळबुळ करतात आणि मर्लला वाटतं, ते हेलावले आहेत.

कलम ३. काळा रेशमी झगा शेजारच्या परगण्यातल्या बर्नाडीन प्रूइट हिला. तीसुद्धा मेरी लिंकन करते, आणि पाठीला झिप लावून करते. मेरीबाई गेल्या त्यानंतर किती तरी वर्षांनी झिप निघाली, हे मी तिला आम्हा वेषधारी लिंकन-मेरींच्या दर संमेलनात सांगते. तिथे मोटेलच्या नाश्त्याला चाळीस-चाळीस लिंकन रांगेत असतात. "मिस्टर लिंकन, तुमचा टोस्ट करपला" म्हटलं की सगळ्या दाढ्या एकदम वळतात. त्या गर्दीतही मला तिची झिप दिसते. ती म्हणते, "अगं लिओटा, पाठीमागून कोण बघतंय?" मी बघते. झगा तिला मिळेल, पण माझ्या हुकांना हात न लावण्याच्या अटीवर.

कलम ४. शिवणयंत्र आणि मोठी कात्री शाळेतल्या नाटकाच्या बाईंना. कात्रीने कागद कापला तर मी मानगुटीवर येऊन बसेन.

कलम ५. मर्ल टिबेट्स याला काहीही नाही.

मिस ड्वोराक म्हणाल्या, "मिसेस ब्रँडमायर, काही द्यायचं नाही तर नाव कशाला घालता?" मी म्हटलं, "पोरी, नाव घालायचंय म्हणून तर मृत्युपत्र करतेय. लिही."

तर लिहावं, की आठ वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या मक्याच्या जत्रेत, कचेरीसमोरच्या हिरवळीवर आमचा प्रयोग होता. सगळा गाव बसलेला. राज्यकारभाराचं बोलून झालं आणि हा बाबा मध्येच थांबला, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का?" हे आमच्या ठरलेल्या बोलण्यात नव्हतं. मी काय अडखळणार? मी म्हटलं, "अहो मिस्टर लिंकन, चार मुलगे झाले, आता विचारताय होय?" लोक लोळले. पाद्रीसाहेबांच्या नाकातून लेमोनेड आलं. मर्लने टोपी डोक्यावर घातली, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्यासमोर एकदाही काढली नाही.

कारण उघड होतं. अध्यक्षांच्या वाट्याची टाळी मी खाल्ली म्हणून हा रुसला. मीही मग माळ घातल्याशिवाय त्याच्याशी बोलले नाही. मान काय त्यालाच आहे? गेली आठ वर्षं आमचं बोलणं फक्त नवराबायको म्हणूनच होतं. तळघरातला गरम पाण्याचा हीटर गळायला लागला तेव्हा मला माळ घालून फाटकाशी जावं लागलं. "मिस्टर लिंकन, तळघरातला बंब गळतोय." तो म्हणाला, "मुलांच्या आई, एवढी यादवी मिटली की बघतो." बघितला त्याने, तासाभरात. टोपी घालून तळघरात उतरला आणि तिचा वरचा भाग तुळईला लागून चेपला. ती टोपी मीच नीट करून दिली. पण तोंडाने मर्ल म्हणून एक शब्द नाही. माझा नवरा गेल्यावर या माणसाइतकं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. तो आवाज मला हवा होता आणि एका टाळीपायी त्याने तो बंद केला. याचा मला राग आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते.

कलम ६. अंत्यविधीला कोणीही वेष करून येऊ नये. शवपेटीभोवती चाळीस लिंकन जमले तर रडायचं कोणी आणि हसायचं कोणी? माळ माझ्या डोक्यावर ठेवू नये. मर्लने टोपीसकट मागे उभं राहावं, टोपी त्याला एवढीच प्यारी आहे तर.

इथपर्यंत लिहून झाल्यावर सही करायला साक्षीदार हवे होते. शेजारच्या मिसेस कोवाल्स्की आल्या. दुसरा म्हणून मिस ड्वोराक यांनी मर्ललाच बोलावलं, कारण ज्याला काही मिळायचं नाही तो साक्षीला चांगला. तो आला, टोपी घालून, वाकून दारातून. मी हट्ट धरला की कलम पाच त्याच्या तोंडावर वाचा. मिस ड्वोराक यांनी मान खाली घालून वाचलं.

मर्लने टोपी काढली. कपाळावर गोल वळ उठला होता आणि डोक्यावर आता एकही केस नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"त्या दिवशी टोपी माझ्या हातात होती, लिओटा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "ऑगस्ट होता, मर्ल. मला वाटलं, तुला उकडतंय."

"उकडत होतंच," तो म्हणाला. "पण मी विचारतही होतो. आणि तू सगळ्या गावासमोर मला हसलीस."

"नियम तूच केलास, आणि मोडायचा तो भरजत्रेत? माळ माझ्या डोक्यावर होती, गाढवा. तू मेरीबाईंना विचारलंस, उत्तर त्यांनी दिलं. लिओटाला कोणी विचारलंच नाही."

मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या, मी कॉफी ठेवते. कोणी हो म्हणालं नाही, तरी त्यांनी ठेवली. मर्लने साखरेच्या डब्यावरची माळ बघितली, मग माझं डोकं बघितलं, आणि विचारलं.

कलम ७. कलम ५ याद्वारे रद्द. कलम ६ मधलं शेवटचं वाक्यही रद्द. पुढच्या खोलीतल्या दोन्ही आरामखुर्च्या आणि त्यांत बसून जी खिडकी दिसते ती, मर्ल हयात आहे तोवर मर्लची. ड्वाइटने टीव्ही माजघरात लावावा.

मिस ड्वोराक म्हणतात की लग्न झालं की हा सगळा कागद नव्याने करावा लागेल. मी म्हटलं, करू, पण लग्न बुधवारी आहे आणि झडप गुरुवारी, तेव्हा आज सही होऊ दे. मला भीती वाटते, हेही लिही. सकाळी वाटत नव्हती. सकाळी गमवायला एवढं नव्हतं.

ज्याला मिळणार त्याने साक्ष करायची नाही, म्हणून मर्लचं नाव साक्षीतून खोडलं आहे आणि टपालवाल्याला आत बोलावलं आहे.

लिहून देणार: लिओटा ब्रँडमायर, बोडक्या डोक्याने.

साक्षीदार:
१. हेलन कोवाल्स्की, शेजारीण
२. रॉस अ‍ॅबरनॅथी, टपालवाला
~~ए. लिंकन~~ (सवयीने झालेली सही, खोडली)

ठिकाण: हार्टवेल, इलिनॉय. मंगळवार, १७ एप्रिल २०१८.

हजर, साक्षीदार नव्हे: मर्ल टिबेट्स, टोपी हातात.